आईंची शुगरची वही: एप्रिल ते सप्टेंबर २०२५

रविवार, ६ एप्रिल २०२५

आजपासून हे काम हाती घेतलं. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शुगरच्या आकड्यांचा नीट अर्थ लावायचा. आईंचं वय ६७, मधुमेह होऊन ११ वर्षं झाली. निमित्त गेल्या आठवड्यातल्या रिपोर्टचं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, ८.३ आलं. डॉक्टरांनी आईंची वही चाळली, रिपोर्ट बघितला, पुन्हा वही उघडली आणि म्हणाले, "हे दोन्ही एकाच माणसाचं वाटत नाही." आई काहीच बोलल्या नाहीत. रिक्षात घरी येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

वहीत दोन महिन्यांचे २६ आकडे आहेत. सगळे सकाळचे, उपाशीपोटीचे. सरासरी ११८. १४०च्या वर एकही नाही.

मी १४ वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात गिअरच्या तपासणीवर आहे. एखाद्या लॉटची मापं एका रेघेपाशी अशी कापल्यासारखी थांबलेली दिसली, की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असतो: रेघेपलीकडचे नग गेले कुठे? वही मिटली तेव्हा तोच प्रश्न डोक्यात होता.

एचबीए१सीचा हिशोब आधी समजून घेतला. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत तिच्यातल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत जाते आणि एकदा चिकटली की सुटत नाही. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, तो हा आकडा. त्यावरून रोजच्या शुगरची सरासरी काढता येते: २८.७ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ८.३चे होतात १९२.

वही म्हणते ११८, रक्त म्हणतं १९२.

मंगळवार, ८ एप्रिल

आईंना न विचारता त्यांच्या बोट टोचून शुगर मोजायच्या मशीनची मेमरी उघडली. हे मी बरोबर केलं नाही, तेही इथे लिहून ठेवते.

मेमरीत त्याच दोन महिन्यांचे ६१ आकडे आहेत. वहीतले २६ त्यात जसेच्या तसे आहेत, एकही खोटा नाही. न लिहिलेले ३५. त्यातले ३४ हे १४०च्या वरचे, सगळ्यात मोठा २६८. सगळ्यांची मिळून सरासरी १५९.

उरलेला एक आकडा ५७. तारीख १९ मार्च, वेळ दुपारी २:५०.

बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. दुपारी आई झोपलेल्या असतात, त्या वेळी त्या कधी बोट टोचत नाहीत. मग वहीतले सकाळचे आकडे मशीनमध्ये शोधले, तर सगळ्यांपुढे संध्याकाळी साडेसहा-पावणेसातची वेळ. घड्याळ बरोबर बारा तास चुकलेलं होतं. फेब्रुवारीत बॅटरी मीच बदलली होती आणि वेळही मीच लावली होती.

म्हणजे ते ५७ रात्री २:५०चं. आम्ही सगळे झोपलेलो असताना.

रविवार, १३ एप्रिल

आज बोलले. नवरा मुलीला क्लासला सोडायला गेला होता. आई खाली बसून गवार मोडत होत्या, मीही शेजारी बसून मोडायला लागले. मग सांगितलं, "आई, मी मशीनमधले जुने आकडे बघितले. तुम्हाला विचारायला हवं होतं." त्यांचा हात थांबला.

"एकोणीस मार्चच्या रात्री काय झालं होतं?"

त्यांनी सगळं सांगितलं. रात्री जाग आली तेव्हा गाऊन घामाने ओला झालेला, हात थरथरत होते. भिंतीला धरत स्वयंपाकघरात आल्या, बोट टोचलं, ५७ बघितलं. डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि फ्रिजला टेकून बसून राहिल्या. किती वेळ, ते आठवत नाही. "तुम्हाला सकाळी कामावर जायचं. कशाला उठवायचं?"

आणि त्या रात्री जेवल्या नव्हत्या. "रात्री उपाशी राहिलं की सकाळचा आकडा बरा येतो गं. त्याला बरं वाटतं वही बघून." त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. जेवण सोडलं होतं, पण जेवणाआधीची गोळी मात्र वेळेवर घेतली होती, कारण गोळी चुकवायची नाही हे पक्कं ठाऊक. ती गोळी ग्लिमेपिराइडची. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो.

मोठे आकडे वहीत का आले नाहीत, तेही कळलं. आकडा मोठा दिसला की घरातून पहिला प्रश्न येतो, "आई, काय खाल्लंस?" नवरा प्रेमानेच विचारतो. मीही विचारलंय. पण रोज सकाळी बोट टोचून घ्यायचं आणि वर जाब द्यायचा, हे अकरा वर्षं कोण सहन करेल?

आई जुन्नर तालुक्यात २९ वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. दर महिन्याला गावातल्या सगळ्या बाळांची वजनं घ्यायची आणि तक्त्यावर टिंबं मांडायची. हिरवा पट्टा, पिवळा, केशरी. मला तेच सुचलं. विचारलं, "बाळाचं वजन कमी भरलं, तर त्याच्या आईला काय म्हणायचात?"

"ओरडायचं नाही कधी. ओरडलं की पुढच्या महिन्यात ती बाळाला घेऊनच येत नाही."

बोलल्या आणि थांबल्या. मग नुसत्या गवारीकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आण ती वही."

आजपासून घराचा नियम: "काय खाल्लं" हा प्रश्न बंद. विचारायचं असेल तर दोनच गोष्टी, किती वाजता घेतलं आणि हात धुतले होते का.

मंगळवार, १५ एप्रिल

डॉक्टरांकडे ६१च्या ६१ आकड्यांचा कागद नेला, ५७भोवती गोल करून. त्यांनी आधी तोच बघितला. रात्रीची ग्लिमेपिराइड बंद केली, शुगरची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, आहे तशीच ठेवली. रात्रीचं जेवण एकदाही सोडायचं नाही, हे दोनदा बजावलं. (आम्ही मनाने कुठलीही गोळी कमी केलेली नाही, करणारही नाही.)

आईंसाठी दिलेल्या रेघा: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत. "यातला एखादा वर गेला तर मला चिंता नाही. ७०च्या खाली एकदाही नको. या वयात रात्री पडून हाड मोडणं हे १६०पेक्षा फार वाईट."

७०च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा साखर. साखरेची एक बरणी आणि चमचा आईंच्या उशाशी ठेवला. आणि हाक मारायची. हे नवऱ्याने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

रविवार, २० एप्रिल

डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन रात्री ३ वाजता मोजलं. गजर मी लावला. आईंना अर्धवट झोपेतच बोट पुढे करायला सांगायचं, दिवा बारीक.

रात्री ३ला ११२, सकाळी साडेसहाला १३८.
दुसऱ्या दिवशी १०४ आणि १३९.
तिसऱ्या दिवशी १२१ आणि १४०.

मधल्या साडेतीन तासांत पोटात एक घास गेलेला नाही, तरी शुगर चढली. पहाटेच्या सुमाराला शरीर जागं होण्याची तयारी करतं, कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन वाढतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्याचं इन्सुलिन ते सावरून घेतं, आईंचं तेवढं पुरत नाही. डॉक्टर याला डॉन फिनॉमेनन म्हणतात.

आईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे सकाळचा आकडा रात्रीच्या भाकरीचा नाही?"

पूर्णपणे नाही. रात्रीच्या जेवणाचाही त्यात थोडा वाटा असतो. पण ज्या भाकरीसाठी त्या उपाशी झोपत होत्या, तिच्या डोक्यावर हा सगळा दोष टाकता येत नाही. आईंनी रात्री दीड भाकरी खाल्ली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना पोटभर जेवताना बघितलं.

रविवार, २७ एप्रिल

मशीनची तपासणी. कारखान्यात कुठलंही गेज आधी स्वतः तपासल्याशिवाय हातात घेत नाही, मग हेच कसं सोडलं होतं?

आईंचं बोट पाच वेळा टोचायला मन झालं नाही, म्हणून स्वतःचं टोचलं. दहा मिनिटांत पाच पट्ट्या: ९६, ९१, ९९, ९४, ९७. बोट तेच, रक्त तेच, आणि आठचा फरक. पाच पट्ट्यांचे शंभर रुपये गेले, पण ते वाया गेले असं मला वाटत नाही.

पडद्यावर १४८ असं ठसठशीत दिसतं म्हणून ते १४८च असतं असं नाही. या मशीनसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५१९७ची २०१३ची आवृत्ती, सांगतं की १०० किंवा त्यावरच्या शंभरातल्या ९५ मोजण्या लॅबच्या आकड्याच्या १५ टक्क्यांत यायला हव्यात, आणि १००च्या खालच्या १५ मिलीग्रॅममध्ये. म्हणजे खरी शुगर १५० असेल, तर चांगलं मशीनही १२८ दाखवू शकतं किंवा १७२, आणि ते पास. लीस्ट काउंट, म्हणजे मशीन दाखवू शकतं तो सगळ्यात लहान फरक, एका मिलीग्रॅमचा आहे, पण भरवसा तेवढा नाही. आमच्या खात्यात नवीन आलेल्या पोरांना हेच सांगावं लागतं: जेवढे आकडे दिसतात, तेवढ्यांवर विसंबता येत नाही.

नवऱ्याला हे दाखवलं. काल १४२ आणि आज १५१ म्हणून "वाढली" असं म्हणायचं नाही. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मी आईला किती वेळा म्हटलं असेल गं असं."

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय तृतीया

दुपारी जेवणानंतर दोन तासांनी आईंनी मोजलं, ३१२. हाक आली ती जवळजवळ किंचाळूनच. मी कामावरून लवकर आले होते. आईंचा चेहरा पांढरा पडला होता. आंब्याची एकच फोड खाल्ली होती, पण सगळ्यांसाठी आमरस मात्र त्यांनीच काढला होता, अर्धी पेटी हापूस हाताने पिळून.

हात नळाखाली साबणाने धुतले. नखांच्या कडा घासल्या. कोरड्या पंचाला पुसले. दुसरं बोट, नवी पट्टी: १७१.

पट्टीला लागतो तो रक्ताचा थेंब मोहरीएवढा. त्यात बोटावर वाळलेल्या आमरसाचा अंश मिसळला, की पट्टी ती साखरही मोजते. तिला रक्तातली साखर आणि आंब्यातली साखर वेगळी कळत नाही. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून हे जात नाही, पाण्याने धुवावंच लागतं.

या ३१२वर कुणी घाबरून जादा गोळी दिली असती तर? किंवा इन्सुलिनवरच्या माणसाने दोन युनिट वाढवले असते तर? मशीनवर चिकटपट्टी लावून लिहिलं: आधी हात धुवा. अक्षर आईंचं आहे.

रविवार, ११ मे

जोडीने मोजायला लागलो. जेवणानंतरचा एकटा आकडा म्हणजे अर्धंच माप. १९० आले. पण सुरुवात १०५वरून झाली होती की १६०वरून? पहिल्यात जेवणाने ८५ चढवले, दुसऱ्यात ३०. म्हणून एक पट्टी पहिल्या घासाआधी आणि दुसरी बरोबर दोन तासांनी. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आई सावकाश जेवतात, त्यातच २५ मिनिटांचा फरक पडत होता. रोज दोन्ही वेळा मोजणं परवडत नाही आणि बोटांनाही सोसत नाही. आठवड्यातून चार जोड्या, दर वेळी वेगळं जेवण.

दोन आठवड्यांत जे दिसलं ते असं. नेहमीची बशीभर पोहे: १३६वरून २२१. पोहे निम्मे आणि वर वाटीभर मटकीची उसळ: १३३वरून १७८. हा फरक मशीनच्या चुकीपेक्षा मोठा आहे आणि दुसऱ्यांदाही तसाच आला, म्हणून यावर माझा विश्वास बसला.

भाकरीचं मात्र वेगळंच निघालं. आमच्याकडे "ज्वारीची भाकरी शुगरला चालते" असं सगळेच म्हणतात, त्यामुळे आई दोन-दोन मोठ्या भाकऱ्या निर्धास्त खायच्या. दीड भाकरीने ७१ चढवले, दोन पोळ्यांनी ६८. मशीनची चूक धरली तर दोन्ही सारखेच. ज्वारीत पोळीपेक्षा चांगलं काही नाही असं मी म्हणत नाही, पण पीठ शेवटी पीठच आहे आणि किती खाल्लं ते मोजावं लागतं. उलट आधी कोशिंबीर आणि आमटी-उसळ, मग भाकरी, एवढा क्रम बदलला तरी चढण कमी दिसली.

आणि चालणं! रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीच्या आवारात १५ मिनिटं, नातीचा हात धरून. जवळपास सारखंच जेवण, न चालता ७४ची चढण, चालल्यावर ३८. आईंनी स्वतःच्या हाताने वजाबाकी केली आणि पुन्हा एकदा केली.

रविवार, २५ मे

शेजारच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या बारीक, तुम्हाला कशी शुगर?" आईंना हे अकरा वर्षं ऐकावं लागतंय. त्यात एक आरोप लपलेला असतो, की नक्कीच काहीतरी लपूनछपून गोड खात असणार.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आतून वेगळे. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, अशा शरीराला वजन न वाढताही मधुमेह होतो. हा फोटो मोबाइलवर काकूंना दाखवला. आईंनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला.

आज आणखी एक झालं. आईंनी मुलीचा आलेख-कागद मागून घेतला. आडव्या रेघेवर दिवसाच्या वेळा, उभीवर शुगर. डॉक्टरांच्या रेघांमधला पट्टा हिरव्या खडूने रंगवला, वरचा पिवळ्याने. ७०च्या खालचा केशरी. मग एप्रिलपासूनचं एकेक टिंब मांडलं, वहीत न लिहिलेलेसुद्धा. मी चहा करून आणला तोपर्यंत कागद भरला होता. सकाळची टिंबं हिरव्याच्या वरच्या काठाला दाटीने, नाश्त्यानंतरची पिवळ्यात वर फेकल्यासारखी, संध्याकाळी पाचची सगळी हिरव्यात. वहीच्या रकान्यांत हे दोन महिने कुणाला दिसलं नव्हतं. "नाश्त्याचंच बघायला पाहिजे," आई म्हणाल्या. मी सांगण्याआधी.

रविवार, ८ जून

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. चार दिवस आकडे वेडेवाकडे येत होते. पट्ट्यांच्या डबीचं झाकण नीट लागत नव्हतं, डबी ओट्यावर कुकरच्या शेजारी. पट्टीवरचं एन्झाइम दमट हवेत खराब होतं. नवी डबी आणली, आता आईंच्या कपाटात असते. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. झाकण लगेच लावायचं, उघडल्याची तारीख डबीवर लिहायची.

रविवार, ६ जुलै. आषाढी एकादशी

आई उपास सोडणार नाहीत, आणि मी सोडा म्हणणारही नाही. सकाळी ११८. साबुदाण्याची खिचडी एक बशी, बटाटा घातलेली. दोन तासांनी २४६. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, दाण्याचं कूट सोडलं तर अडवणारं काही नाही.

आईंनी २४६ वहीत लिहिलं. लपवलं नाही. त्यापुढे लिहिलं, "साबुदाणा." आणि विठ्ठलाच्या फोटोला तुळस वाहायला उठल्या.

रविवार, १३ जुलै

तीन महिने झाले म्हणून एचबीए१सी पुन्हा केलं: ८.०. आईंचा चेहरा उतरला. एवढं करून ०.३?

माझा मात्र हिशोबच जुळेना. ८.०ची सरासरी होते १८३. एप्रिलपासूनच्या ११८ मोजण्यांची सरासरी १४९. एप्रिलमध्ये मशीनचे १५९ आणि एचबीए१सीचे १९२ असा ३३चा फरक होता. तेव्हा मला वाटलं, सगळे आकडे सकाळचे आहेत, जेवणानंतरचे आले की भरून निघेल. आता जेवणानंतरचे आहेत, रात्रीचेही आहेत, तरी फरक ३४चा. दोन्ही वेळा एकाच बाजूला आणि जवळजवळ तेवढाच. आमच्या भाषेत ही झीरो एरर. दोनपैकी एक गेज सरकलेलं आहे.

मशीनचं बघायला सोपं होतं. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं त्याच मिनिटाला आईंचं बोटही टोचलं होतं: लॅब १२९, मशीन १३६. म्हणजे मशीन ठीक आहे. मग सरकलं काय, एचबीए१सी?

डॉक्टरांना हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी आईंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्ताच्या आणखी तपासण्या लिहून दिल्या.

गुरुवार, १७ जुलै

हिमोग्लोबिन ९.४. लोह कमी, बी१२ जीवनसत्त्वही कमी.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. शरीरात लोह किंवा बी१२ कमी असलं की नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा भरणा राहतो. जुनी पेशी जास्त दिवस साखरेत भिजलेली, म्हणून एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येतं. उलट रक्तस्राव झाला किंवा पेशी लवकर फुटत असल्या, तर ते खोटं कमी येतं. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तरी या आकड्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. हिमोग्लोबिन कमी असलं की बोटाचं मशीनही किंचित जास्त दाखवतं, म्हणजे आपलं १४९सुद्धा थोडं फुगलेलं असू शकतं.

बी१२ कमी होण्यात बरीच वर्षं चालू असलेल्या मेटफॉर्मिनचा हात असू शकतो. त्याची इंजेक्शनं सुरू, लोहाच्या गोळ्या सुरू. या वयात लोह कमी का झालं, हे शोधायला शौचाची तपासणीही केली. ती व्यवस्थित आली, तेव्हा घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

जिना चढताना धाप लागते, असं आई वर्षभर म्हणत होत्या. आम्ही सगळे म्हणत होतो, शुगरमुळे असेल.

सोमवार, २१ जुलै

एकादशी. भगर अर्धी वाटी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आधी, नंतर १५ मिनिटं चालणं. ११४वरून १६३. आईंनी आषाढीच्या २४६शेजारी बाण काढला.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

संध्याकाळी सात वाजता आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीतून आई उठून आत गेल्या, हात धुतले, मोजलं. वहीत त्यांच्या अक्षरात: "दु. १:१० – १२२. दु. ३:१० – २०९. उकडीचे मोदक २, तूप घालून. सं. ७ – १३१." नवऱ्याने वही बघितली. मी त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, "सातला परत एकशे एकतीस? छान आली की खाली." आणि आईंच्या ताटात प्रसादाची काकडी वाढली.

रविवार, १४ सप्टेंबर

हिमोग्लोबिन ११.२. आई न थांबता दोन मजले चढल्या.

ऑगस्टच्या ४४ मोजण्यांची सरासरी १४१. ७०च्या खाली १५ एप्रिलनंतर एकही नाही. मशीनमधले आणि वहीतले आकडे आज एकेक ताडून बघितले, ते आईंनीच बघायला लावले. ४४ला ४४.

एचबीए१सी लगेच करायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. लोह सुरू केल्यावर नव्या पेशींचा लोंढा येतो, तेव्हा ते खोटं कमी दिसू शकतं. डिसेंबरमध्ये करायचं.

शेजारच्या काकूंनाही गेल्या महिन्यात शुगर निघाली. आज दुपारी त्या रिपोर्ट घेऊन आईंकडे आल्या, घाबरलेल्या. आईंनी कपाटातून नवा आलेख-कागद काढला, खडू काढले आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. मी आत पोळ्या करत होते. बाहेरून आईंचा आवाज येत होता, "आधी सांगा, किती वाजता घेतलं? हात धुतले होते?"